आनंदाच्या नाकाची कॉफी

बघा, खुशाल बघा मित्रांनो! कुशीला पोचा आलाय, बूड काजळीनं काळंकुट्ट झालंय आणि झाकणाची मूठ तुटली म्हणून तिथं लाकडाचा तुकडा ठोकलाय. बोईसरच्या एका चाळीत, मोरीच्या वरच्या फळीवर माझी जागा आहे. येणारा-जाणारा मला चहाची किटली समजतो. मला त्याचा भारी राग येतो. मी जन्मानं चहाची असेन, पण आयुष्य काढलं कॉफीत. आणि तेही घरातल्या गॅसवर नव्हे हं! डोंगरमाथ्यावर, तीन दगडांच्या चुलीवर.

भांड्यांच्या एका कारखान्यात ॲल्युमिनियमची गोल चकती फिरत्या साच्यावर दाबली, तिला पोट आलं, मग तोटी जोडली, कडी लावली, की झाले मी. दुकानातून मला गोजराबाईनं आणलं. कारखान्यांच्या नाक्यावर तिची चहाची टपरी होती. कराडकडची बाई. तिनं हाक मारली की पाळीचा भोंगा वेगळा वाजवायची गरज नसे. कामगार यायचे, कटिंग प्यायचे, ठेकेदाराला शिव्या मोजायचे आणि पुन्हा आत जायचे. त्यांच्यातच आनंदा होता. रसायनाच्या कारखान्यात पिंपं भरायच्या खात्यात तो काम करायचा. चहाला मात्र तो शिवायचा नाही. त्याच्या खात्यातला एक म्हातारा मंगळुरी फिटर गावी परतताना याला कॉफीचं वेड लावून गेला होता.

रस्ता रुंद करायचा निघाला आणि गोजराबाईची टपरी उठली. जाताना तिनं मला आनंदाच्या हातात दिलं.

"ने ही. तुझं ते कडू पानी हिच्यात उकळत बस," ती म्हणाली. "पर जपून वापर. माझ्या लेकीवानी हाय ती."

"कॉफी उकळायची नसती, मावशी," आनंदा म्हणाला.

"मग काय तिला नुसतं ऊन दाखवायचं असतं व्हय?"

सगळे हसले. मीही मनातल्या मनात हसले. पण खरं सांगू का, आनंदा जवळजवळ तसंच करायचा.

सुट्टी आली की आम्ही निघायचो. आनंदा, त्याची लेक अपेक्षा आणि त्याचा जिवाभावाचा दोस्त सुजीत. सुजीत सातपाटीचा. स्वतःची होडी, रोजचा समुद्र, आणि तरी डोंगराची हौस. "पान्यात सगलीकडं सपाट दिसतं रे, डोले थकतात," असं तो म्हणायचा. होडीची जुनी ताडपत्री हाच आमचा तंबू. कधी वाघोबा खिंडीतून काळदुर्गावर, कधी मनोरच्या बाजूनं अशेरी गडावर आम्ही मुक्कामाला जायचो. आनंदाची बायको सुलू मात्र कधी आली नाही. तिचे गुडघे दुखायचे. ती दारातून ओरडायची, "त्या काळ्या भवानीला घासून आणा, नायतर घरात घेणार न्हाय!" काळी भवानी म्हणजे मी.

आनंदाची कॉफी कशी व्हायची ते ऐका. बिया तो घरीच खलबत्त्यात कुटायचा, जाड रव्याएवढ्या. पीठ केलं की गाळ घशाशी येतो. डोंगरावर चूल पेटवायची, माझ्यात पाणी उकळायचं आणि मला खाली उतरवायचं. पाण्याची खदखद थांबली की पूड टाकायची, काटकीनं ढवळायचं, झाकण लावायचं आणि मला निखाऱ्यांच्या कडेला सरकवायचं. इथून पुढं घड्याळाचं काम नाही. आनंदा उकिडवा बसायचा, डोळे मिटायचा आणि नाक माझ्या तोटीजवळ आणायचा. आधी ओल्या गोणपाटाचा वास येतो, मग भाजक्या चण्यांचा, मग गूळ विरघळल्यावर येतो तसा. तो गुळाचा वास आला की "आला!" म्हणून तो मला झटक्यात बाजूला ओढायचा. वरून ओंजळभर गार पाणी टाकलं की गाळ निमूट बुडाशी बसायचा. जरा उशीर झाला की करपट, जरा घाई झाली की पाणचट.

"बाबा, मोबाईलवर वेळ लावून ठेवू का?" अपेक्षानं एकदा विचारलं होतं.

"आग काय मोबाईल बघून जळती व्हय गं? आज लाकूड ओलं, उद्या वारं जास्ती. नाकाला इचारायचं."

पहिला पेला नेहमी सुजीतचा. तो घोट घ्यायचा, जीभ टाळ्याला लावायचा आणि म्हणायचा, "झकास!" तेवढ्या एका शब्दासाठी आनंदा आठवडाभर पिंपं भरायचा, असं मला वाटतं. त्याच्याकडे दुसरं काय होतं? ना शेत, ना घर, ना कायमची नोकरी. नाक होतं, आणि त्या नाकाची कॉफी होती.

चाळीतही त्याच्या नाकाचा केवढा मान! कारखान्यातून येणारे रिकामे कॅन आणि निळी पिंपं आमच्या चाळीत पाणी भरायला वापरतात. ज्याच्या घरी नवा कॅन यायचा तो आधी आनंदाच्या दारात. "भाऊ, बघा हो जरा." मग आनंदा कॅन उलटा करून त्याच्या मुठीपाशी नाक लावायचा. कॅनची मूठ आतून पोकळ असते. कितीही धुवा, पाणी तिथं नीट फिरत नाही आणि आतला ऐवज तिथंच दबा धरून बसतो. हे पिंपं भरणाऱ्यांना ठाऊक. आनंदा "चालंल" म्हणाला तरच कॅन घरात जायचा. "फेक" म्हणाला की घरातली बाई तो कॅन चाळीच्या मागं भिरकावून द्यायची. डॉक्टरच्या शब्दाला एवढी किंमत नव्हती.

आणि मित्रांनो, तेच नाक गेलं.

कधी गेलं ते सांगता येत नाही. चोर दाराशी आला तर कळतो तरी. आधी आम्हाला त्याची गंमतच वाटली. सुजीतनं सुक्या बोंबलांची पिशवी दिली होती. अशेरीहून परत येताना मनोरच्या गाडीत ती पिशवी उन्हानं अशी घमघमली की आसपासची माणसं नाक दाबून उठून गेली. आनंदा मात्र तिच्याच शेजारी मजेत बसलेला.

"बाबा, वास नाही का येत?" अपेक्षानं ओढणीनं तोंड झाकत विचारलं.

"कसला?" तो म्हणाला.

ती हसली. तोही हसला. पण हसता हसता त्यानं पिशवी उचलून नाकाला लावली आणि तशीच धरून ठेवली. त्याचं हसू कधी मावळलं ते मी त्याच्या मांडीवरून पाहिलं.

पुढच्या खेपेला काळदुर्गावर तो तोटीशी बसला तो बसलाच. ओलं गोणपाट गेलं, चणे गेले, गूळ आला आणि गेला. मी आतून तडफडत होते. अरे, ओढ मला बाजूला! करपतेय! पण मला तोटी दिली देवानं, जीभ नाही दिली. शेवटी त्यानं अंदाजानं "आला" म्हटलं. सुजीतनं घोट घेतला. त्याच्या कपाळावर एक आठी चढली आणि लगेच उतरली.

"झकास," तो म्हणाला.

अपेक्षानं काकांकडे पाहिलं, काकांनी तिच्याकडे पाहिलं, आणि तिनंही पेला रिकामा केला. त्या दिवसापासून दोघांनी करपलेली कॉफी पिऊन तिचं कौतुक करायचं ठरवूनच टाकलं म्हणा ना. किती प्रेमानं प्यायची ती दोघं! मला त्यांचं प्रेम दिसायचं आणि धडकीही भरायची. आनंदानंही कुणाला काही सांगितलं नाही. बोईसरच्या डॉक्टरकडे तो एकटाच गेला. "रसायनाच्या वाफांनी वासाची नस गेलीय. रोज लवंग, लिंबू, कॉफी हुंगत जा, पण फार आशा ठेवू नका," असं डॉक्टर म्हणाले. हे त्यानं घरी येऊन सांगितलं ते फक्त मला, मोरीत मला घासताना. माणसं भांड्यांशी बरंच बोलतात.

चाळीतले कॅन येतच राहिले. "भाऊ, बघा हो जरा." आनंदा कॅन उलटा करायचा, मुठीपाशी नाक लावायचा, डोळे मिटायचा. मग म्हणायचा, "फेक." चांगले-वाईट सगळेच कॅन तो फेकायला सांगू लागला. बायका कुरकुरू लागल्या. "आनंदाभाऊंचं नाक लई वर चढलंय आताशा," असं नळावर बोलणं झालं. ते त्याच्या कानावर आलं. दुसऱ्यांचे कॅन तो फेकायला लावायचा, पण एक कॅन स्वतःसाठी ठेवून घेतला. दिसायला कोरा करकरीत होता. त्यानं तो सोड्यानं धुतला, गरम पाण्यानं विसळला, उन्हात वाळवला. मुठीला नाक लावलं. वास नव्हता. त्याला कशाचाच वास येत नव्हता, हे त्या वेळी तो कसा विसरला कोण जाणे. जन्मभराची सवय, दुसरं काय! वास नाही म्हणजे कॅन चांगला, एवढंच त्याच्या हाताला ठाऊक होतं.

उन्हाळ्याचे दिवस. गडावरची टाकी आटलेली, म्हणून पाणी खालून न्यायचं ठरलं. त्याच कॅनमधून.

काळदुर्गावर सकाळी चूल पेटली. कॅन माझ्यावर वाकडा झाला, पाणी पोटात पडलं आणि मला कळलं, हे पाणी एकटं आलेलं नाही. माझी आतली कातडी चुरचुरली. पाणी तापलं तसं ते चुरचुरणं वाढलं. मी झाकण खडखडवलं, तोटीतून फुसफुसले. किटली याहून जास्त काय करणार? आनंदा डोळे मिटून तोटीशी बसला होता. ते सगळं त्याच्या नाकात शिरत होतं आणि तो शांत होता. मग अंदाजानं "आला!" म्हणाला. अपेक्षा तेव्हा वारा येत होता त्या बाजूला ताडपत्री गुंडाळत होती, वास तिच्यापर्यंत गेलाच नाही.

पहिला पेला सुजीतला. त्यानं घोट घेतला. आठी चढली. या वेळी ती उतरली नाही, पण समोर आनंदा बघत होता, लहान पोरानं काढलेलं चित्र दाखवून बघावं तसा. सुजीतनं डोळे मिटले आणि सगळा पेला एका दमात घशाखाली ओतला.

"झकास," तो म्हणाला.

तेवढ्यात अपेक्षा आली. तिनं तिचा पेला ओठाजवळ नेला आणि फेकूनच दिला.

"बाबा, पिऊ नका! काका, थुंका! अहो, रसायन आहे हे, रसायन!"

आनंदानं मला उचललं, तोटी नाकाशी धरली, झाकण काढून तोंड आत घातलं. त्याची मान वर आली तेव्हा चेहऱ्यावर रंग नव्हता. "मला येत न्हाय," तो म्हणाला. "मला कायबी येत न्हाय, सुजीत."

सुजीत पोट धरून खाली बसला होता. "मला वाटलं," तो कसाबसा म्हणाला, "तुजी कॉपी आज जरा जास्तच करपली."

वाघोबा खिंडीपर्यंत त्याला दोघांनी खांद्यावर आणलं. तो वाटेत ओकत होता. पालघरच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पण आतून पार खचला. तिखट-मिठाचं जेवण सुटलं, अंगातला जोर गेला, होडीवर जाणं संपलं. आता तो सातपाटीला दारात बसून दुसऱ्यांची जाळी दुरुस्त करतो. वल्हवणाऱ्या माणसानं बसून राहणं म्हणजे काय, ते तिकडच्या माणसांना विचारा.

त्याची बायको जमना एक दिवस आमच्या दारात उभी राहिली. सुलूनं पाट दिला, ती बसली नाही. वाटलं, आता ही भांडणार. आनंदा मान खाली घालून उभा होता. भांडली असती तर बरं झालं असतं.

"भाऊ, तुमाला वास येत नाय, हे यांना कवाचं ठाव होतं," ती म्हणाली. "घरी येऊन मला सांगायचे. मी म्हटलं, मग सांगा ना त्याला. तर म्हनले, त्याच्याकडं दुसरं हाय काय? ऱ्हाऊ दे. आता तुमीच सांगा, मी बोलू तरी कोनाला?"

ती पदर खोचून निघून गेली. आनंदानं मला मोरीच्या वर फळीवर ठेवलं, तोंड भिंतीकडे करून.

गोष्ट कारखान्यात पोचली. वास न येणारा माणूस पिंपं भरायला कोण ठेवणार? ठेकेदारानं त्याला बोलावणंच बंद केलं. घर बसलं. त्यातून साहेबांनी दया दाखवली म्हणे: लेक शिकलेली आहे ना, तिला लॅबमध्ये घेतो. अपेक्षा तेव्हा पालघरच्या कॉलेजातून नुकतीच बी.एस्सी. झाली होती.

"न्हाय," आनंदा म्हणाला. "तिथं न्हाय."

"मग कुठं?" सुलू म्हणाली. "चूल काय तुमच्या न्हायनं पेटणार हाय? लॅब हाय ती. एसी असतो, मास्क देतात. पिंपं थोडीच भरायची हायत तिला!"

अपेक्षानं बापाच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, मी काळजी घेईन. रोज घरी आल्यावर तुम्हीच माझी परीक्षा घ्या. नाक गेलं तर लगेच सोडते."

या बोलीवर तो तयार झाला. आणि मित्रांनो, त्या परीक्षेसाठी मला फळीवरून खाली काढलं. काय सांगू, मला किती बरं वाटलं! डोंगर नसेना का, गॅस तर गॅस. अपेक्षा कामावरून आली की आनंदा बिया कुटायचा, पाणी तापवायचा, पूड टाकायचा आणि मला बारीक आचेवर ठेवायचा. आता तोटीशी अपेक्षाचं नाक असायचं. बापाचंच नाक उचललं होतं पोरीनं. गुळाचा वास आला की ती ओरडायची, "आला!" आणि आनंदा मला झटक्यात उतरवायचा. त्याला वास नव्हता, चवही निम्मी गेली होती. पण सुलू कप चाटूनपुसून प्यायची, त्यावरून त्याला कळायचं की पोरीचं नाक शाबूत आहे. तेवढ्यावर तो दिवस काढायचा.

पहिला पावसाळा गेला. मग तिचं "आला!" जरासं उशिरा यायला लागलं. आधी चिमूटभर, मग चांगलंच. मला कळत होतं, कारण जळत होते मी. एकदा सुलूनं कप अर्धा ठेवला. "साखर जास्ती झाली," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "पित्त झालंय." आनंदा त्या अर्ध्या कपाकडे बघत राहिला. असले अर्धे कप त्याच्या ओळखीचे होते.

काल संध्याकाळी त्यानं दार लोटलं. पोरीला ऐकू जाईल असं कॉफीच्या डबीचं झाकण वाजवलं, पण डबी उघडली नाही. माझ्यात नुसतं पाणी ओतलं. झाकण घट्ट बसवलं, मला आचेवर ठेवलं आणि हाक मारली.

"अपेक्षा, ये गं. नाक लाव."

त्याचा हात माझ्या कडीवर होता. मी देवाला सांगत होते, हिला म्हणू दे की बाबा, येत नाही. हिला म्हणू दे की पूड टाकायला विसरलात का. काहीही म्हणू दे, पण खरं म्हणू दे.

अपेक्षा आली. दमलेली होती, केस तसेच बांधलेले. ती वाकली, तिनं डोळे मिटले, नाक तोटीशी आणलं आणि थोडा वेळ तशीच राहिली. मग हसून बापाकडे वळली.

"आला, बाबा! मस्त आलाय!"

आनंदानं गॅस बंद केला. वाटलं, आता झाकण उघडून दाखवेल, पोरीला जवळ घेईल, म्हणेल की उद्यापासून जायचं नाही. तो म्हणाला, "आला न्हवं? बरं, बरं. जा, तोंड धू." ती मोरीकडे वळल्यावर त्यानं गुपचूप डबी उघडली आणि माझ्या गरम पाण्यात पूड टाकली. मग तिघांनी कॉफी घेतली. पाणचट, कच्ची, गोणपाटाच्या वासाची.

"झकास झालीय," अपेक्षा म्हणाली.

"झकास," आनंदा म्हणाला.

सुलूनं दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि कप संपवला.

मित्रांनो, भांडी घासून ठेवा, पोचा येऊ देऊ नका, असं माझ्यासारखी जुनी भांडी तुम्हाला नेहमी सांगतात. मी तसं काही सांगणार नाही. काळी तर काळी. मी एवढंच हात जोडून सांगते, म्हणजे हात असते तर जोडले असते, की आपल्या माणसाची कॉफी करपली तर त्याला तोंडावर सांगा. त्याला वाईट वाटेल, वाटू द्या. प्रेमानं गिळू नका रे. भांडा, रडा, पण बोला.

आत्ता सकाळ झालीय. खाली कंपनीची बस हॉर्न वाजवतेय. अपेक्षा डबा भरतेय, सुलू तिला मास्क शोधून देतेय, आनंदा दारात उभा आहे, आणि अजून कुणीही काही बोललेलं नाही.